पूर्णेच्या डोहावरची मत्स्यमोहीम

परभणी जिल्ह्यातल्या, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: "जगभर मासे गोळा करायला आणि अभ्यासायला शास्त्रज्ञांच्या मोहिमा निघतात, त्यांच्याबद्दल वाचते. आपल्या नद्या तर वर्षातले कितीतरी महिने कोरड्या असतात. इथं राहून असं काही काम करता येईल का? आणि केलं तर त्याला शास्त्रात काही किंमत असते का?"

करता येतं आणि किंमतही असते. मी गेली सव्वीस वर्षं गोदावरी, पूर्णा, दुधना आणि सिंदफणेच्या काठानं हेच करतोय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सवडीनं वाचा.

आधी मोहीम कशाला म्हणायचं ते पाहू. मोहीम म्हटलं की जहाज, खोल समुद्र, ॲमेझॉनचं जंगल असं चित्र डोळ्यांसमोर येतं. ते खरंच आहे. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाज साडेतीन वर्षं जगभरचे समुद्र पालथे घालत होतं आणि खोल पाण्यातले कितीतरी जीव पहिल्यांदा वर आले ते त्या जहाजावर. पण मला त्याहून जास्त शिकवलं ते योहान्स श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाच्या कामानं. युरोपातल्या नद्यांतला अहीर, म्हणजे सापासारखा लांब मासा, अंडी घालायला कुठं जातो, हे कुणालाच माहीत नव्हतं. १९०४ साली श्मिटला अटलांटिकमध्ये अहिराचं एक पिल्लू सापडलं, काचेसारखं पारदर्शक, पानासारखं चपटं. मग त्यानं वर्षानुवर्षं तेवढंच काम केलं. जाळं टाकायचं, पिल्लू मिळालं की त्याची लांबी मोजायची आणि ते नेमकं कुठं मिळालं ते लिहायचं. जिकडं पिल्लं लहान होत जातात तिकडं त्यांचं जन्मस्थान असणार, हा त्याचा हिशोब. १९२२ पर्यंत तो सारगॅसो समुद्रापर्यंत पोचला. त्या शोधात जहाज होतंच, पण जहाजाशिवाय प्रत्येक पिल्लाची लांबी आणि जागा लिहिलेली वहीही होती. वही नसती तर नुसतीच पिल्लांनी भरलेली बरणी हाती राहिली असती.

दुसरी गोष्ट सीलाकँथची. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरावर मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर या संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंना मच्छीमारांच्या ढिगात एक निळसर, जाड खवल्यांचा मासा दिसला. असे मासे डायनोसोरांबरोबरच संपले, असं सगळे धरून चालले होते. बाईंनी मासा उचलून आणला, पण एवढं मोठं धूड टिकवायला पुरेल इतकं फॉर्मॅलिन मिळालं नाही. डिसेंबर म्हणजे तिकडचा उन्हाळा. मासा सडायला लागला, शेवटी कातडं ठेवून आतलं सगळं टाकून द्यावं लागलं. जे. एल. बी. स्मिथ हा तज्ज्ञ पोचेपर्यंत आतडी, हृदय, मेंदू काहीच उरलं नव्हतं. दुसरा मासा हाती लागायला १९५२ साल उजाडलं, म्हणजे चौदा वर्षं गेली. तो मिळाला कोमोरो बेटांवर. तिथले कोळी तर या माशाला आधीपासून ओळखत होते. त्यांनी त्याला नावही दिलेलं होतं, 'गोम्बेसा'.

या दोन्ही गोष्टींत तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. मासा पाण्यातल्या माणसाला आधी माहीत असतो. आपण त्याचा पुरावा नीट जपला आणि नीट लिहिला, तरच ते शास्त्र होतं.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. दख्खनच्या माशांचा पहिला मोठा अभ्यास कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं केला. १८२४ ते १८३१ या काळात तो मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत होता आणि जोडीला पक्षी-मासेही. १८३९ मध्ये त्यानं इथल्या माशांची शास्त्रीय नावं प्रसिद्ध केली. ती नावं आजच्या रूपात मोठ्यानं वाचून बघा: मिस्टस सीन्गटी, गारा मुल्या, टॉर खुदरी, लॅबिओ बोग्गट. यातला दुसरा शब्द म्हणजे शास्त्रीय साज चढवलेलं मराठी नाव आहे! सीन्गटी म्हणजे आपली शिंगटी. मुल्या म्हणजे मल्या. नदीकाठच्या माणसानं जे नाव सांगितलं तेच साइक्सनं इंग्रजी कानानं ऐकून लिहिलं आणि ते आज जगभरच्या संग्रहालयांत चालतं. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती. भोयांचा, कोळ्यांचा शब्द असा दोनशे वर्षं टिकून राहतो, याचा अभिमान मला आजही आहे.

पण साइक्सच्या कामात दोन उणिवा राहिल्या आणि त्या दोन्ही तुमच्या कामाच्या आहेत. एक म्हणजे त्यानं वर्णन केलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज कुठंच सापडत नाहीत. चित्रं आहेत, वर्णनं आहेत, मासा नाही. त्यामुळे त्याचा अमुक मासा म्हणजे नेमका कोणता, यावर पुढच्या तज्ज्ञांना वर्षानुवर्षं डोकं खाजवावं लागलं. दुसरी उणीव म्हणजे त्याचा वावर मुख्यतः पुण्याकडच्या मुळा-मुठा, भीमा, घोड या नद्यांवर होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. १९४० च्या दशकात हैदराबाद संस्थानातल्या माशांची काही पाहणी झाली, ती छापलीही गेली. नंतर आपल्या कॉलेजांतून याद्या बऱ्याच निघाल्या. पण यादीतल्या माशाचा नमुना कुठं ठेवलाय म्हणून विचारलं, की बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. नमुना नसलेली यादी मी पुरावा मानत नाही. अशा दहा याद्यांपेक्षा नीट ठेवलेली एक बरणी जास्त खरं बोलते.

नदी कोरडी पडते म्हणून काम होत नाही, असं समजू नका. मराठवाड्यात हाच अभ्यासाचा विषय आहे. मे महिन्यात पूर्णा किंवा दुधना आटते तेव्हा सगळे मासे कुठं जातात? डोहात. दोन-चार पुरुष खोलीचा एखादा डोह म्हणजे त्या दहा-बारा किलोमीटर नदीची तिजोरी. मरळ वरच्या हवेत श्वास घेऊ शकते, म्हणून ती चिखलातही तग धरते. बाकीच्यांना डोहच लागतो. मग मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला, पाणी गढूळ होऊन वाहू लागलं, की हेच मासे प्रवाहाच्या उलट निघतात. चढणीचे मासे म्हणतात ते हे. ओढ्यांत, शेताच्या चरांत, उथळ पाण्यात अंडी घालायला जातात. दोन-तीन आठवड्यांचा खेळ असतो. या दिवसांत नदीवर नसाल तर त्या वर्षाची निम्मी गोष्ट हुकली म्हणून समजा. आणि याच दिवसांत नमुने सर्वांत कमी घ्यायचे, कारण प्रत्येक मादीच्या पोटात पुढच्या वर्षीची नदी असते.

जागा निवडताना धरणाकडं धावू नका. जायकवाडी, येलदरी, माजलगाव, विष्णुपुरी इथं मासा मुबलक आहे, पण त्यातला मोठा भाग कटला, रोहू, मृगळ असा बीज म्हणून सोडलेला. वर चिलापी आहेच. चिलापी भारतात १९५२ साली आणली, आज ती पाण्याच्या प्रत्येक खड्ड्यात आहे. बाजारातला मासाही नदीचा पुरावा म्हणून धरू नका. बर्फातल्या पेट्या आंध्रातून ट्रकनं येतात. विक्रेता "गोदावरीचा" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतो असं नाही, गोदावरी आंध्रातही वाहते! बाजारात जा, ओळख पटवायला शिका, पण नोंद करू नका. तुमची खरी जागा म्हणजे धरणाच्या वरचा वाहता पट्टा, बंधाऱ्याखालचे खडक, वाळू अजून शिल्लक असलेला एखादा तुकडा आणि डोंगराजवळचे ओढे. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. तिथल्या ओढ्यांतल्या मुरी नावाच्या बोटभर माशांकडं फार कमी लोकांनी नीट पाहिलंय. २०२० मध्ये आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळापाशी, रोज भाविक ज्या पाण्यात हात घालतात त्याच पाण्यात, मुरीच्या कुळातली एक अगदी नवी जात सापडली. सिंधुदुर्ग वेगळा, आपला मुलूख वेगळा, तिकडचा पाऊस इकडं नाही. तरी देवळापाशी पाहिलं जात नाही, हे दोन्हीकडं सारखंच.

आता माणसांविषयी, कारण इथंच बहुतेक विद्यार्थी चुकतात. जाळं विकत घेऊन एकटे नदीवर जाऊ नका. आधी भोयांच्या वस्तीत जा. जलाशयावर मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचा ठेका असतो, तिच्या पदाधिकाऱ्यांना भेटा, काम समजावून सांगा. माणसाचा दिवस घेतला तर त्याची मजुरी द्या, मासा ठेवून घेतला तर माशाचे पैसे द्या. उपकार म्हणून काही मागू नका.

मी शिकलो ते पूर्णेवरच्या एका म्हाताऱ्या भोयाकडून. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी बराच वेळ माझं लिहिणं पाहिलं आणि म्हणाले, "सर, येवढ्याशा मासळीपाई काय लिव्हायलाव तुमी?" मी त्यांना ट्रेमधला मासा दाखवला. बोटाएवढा, पाठ काळसर, तोंड खालच्या बाजूला आणि हनुवटीखाली गोल चकतीसारखा पट्टा. मामा लगेच म्हणाले, "ह्यो तर मल्या. धोंड्याला चिकटून ऱ्हातोय. पाणी वाहतं आसंल तरच गावतोय, पाणी थांबलं की गेला." साइक्सनं ज्याला मुल्या लिहिलं तोच हा. मामांना साइक्स ठाऊक नव्हता आणि साइक्सनं मामांचा गाव पाहिलेला नव्हता. पण "पाणी थांबलं की गेला" या एका वाक्यात मला पुढच्या दहा वर्षांचा विषय मिळाला. त्या पट्ट्यावर बंधारा झाल्यावर त्याच्या वर मला मल्या एकदाही मिळाला नाही. बंधाऱ्याखाली, खडकांत, मिळत राहिला.

मासा हाती आल्यावर काय करायचं ते सविस्तर सांगतो, कारण पुस्तकात वाचून हात बसत नाही.

आधी जिवंतपणी फोटो. छोट्या काचेच्या टाकीत, डावी बाजू समोर. रंग आत्ताच टिपायचा, कारण लाल-पिवळा फॉर्मॅलिन-अल्कोहोलात उतरतो, काळा तेवढा राहतो. मग पाण्यात लवंगाच्या तेलाचे थेंब घालून मासा गुंगीत न्यायचा आणि पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं. तडफडणारा मासा फॉर्मॅलिनमध्ये टाकणं क्रूर आहे, शिवाय तो वाकडा होऊन आखडतो. मेल्यावर उजव्या बाजूचा पराचा किंवा मांसाचा बारीक तुकडा कापून ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलात वेगळा ठेवायचा. हे फॉर्मॅलिनच्या आधीच, कारण फॉर्मॅलिन लागलं की डीएनए खराब होतो. मग मासा थर्मोकोलवर ठेवून पर टाचण्यांनी उघडायचे आणि बारीक ब्रशनं परांवर फॉर्मॅलिन फिरवायचं. दोन-चार मिनिटांत पर पंख्यासारखे ताठ राहतात. पुढं त्यातले काटे मोजायचे असतात, म्हणून ही मेहनत. मिटलेल्या पराचा मासा दहा वर्षांनी कुणी हातात घेतला तर तो तुमच्या नावानं बोटं मोडणार.

बाजारात मिळणारं फॉर्मॅलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात चिमूटभर टाकणखार, म्हणजे आम्लानं हाडं झिजत नाहीत. मासा वितीहून मोठा असेल तर पोटाच्या उजव्या बाजूला छोटी चीर द्यायची, नाहीतर आतून सडतो. डावी बाजू कधीही कापायची नाही, सगळी मापं आणि चित्रं त्याच बाजूची असतात. बरणीत मासे कोंबू नका. आठवडाभरानं पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलात. फॉर्मॅलिन विषारी आहे, त्याच्यामुळे कॅन्सर होतो, हातमोजे घाला, खोलीत वारा खेळता ठेवा आणि उरलेला थेंबही नदीत ओतू नका.

आणि चिठ्ठी. साधारण अशी: पूर्णा नदी, बंधाऱ्याखाली अर्धा किलोमीटर, उजवा काठ, गाव, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, दशांशानंतर चार आकडे, म्हणजे जागा दहा-बारा मीटरच्या आत येते, तारीख, वेळ, फेकजाळं, आस (जाळ्याच्या भोकाचं माप) किती, पाणी वाहतं की थांबलेलं, तळ खडक, वाळू की गाळ, मासा कुणी धरला, त्यानं काय नाव सांगितलं. हे सगळं शिसपेन्सिलीनं, जाड कागदावर, आणि कागद बरणीच्या आत.

आत का, ते मी फार मोठी किंमत देऊन शिकलो. सुरुवातीची दोन वर्षं मी बरण्यांवर बाहेरून कागद चिकटवून बॉलपेननं लिहायचो. एका उन्हाळ्यात कपाटात अल्कोहोल सांडलं, शाई वाहून गेली, कागद गळून पडले. सिंदफणेच्या चाळीस बरण्या होत्या. आत मासे जसेच्या तसे, सुंदर. पण कोणता कुठला, हे सांगणारं काही उरलं नाही. मी त्या बरण्या घेऊन बराच वेळ जमिनीवर बसलो होतो. शेवटी वर्गात दाखवायला देऊन टाकल्या. त्यातल्या काही जागा नंतर वाळूउपशानं खरवडून गेल्या, तिथं परत जाऊन तोच मासा आणणं शक्य नव्हतं. साइक्सचे नमुने हरवल्याचं वाचतो तेव्हा मला त्या चाळीस बरण्या आठवतात.

किती मासे घ्यायचे? छोट्या, मुबलक जातीचे पाच-सहा पुरेत. खुदरी, म्हणजे महसीर, किंवा अहीर कुणाच्या जाळ्यात आलाच तर फोटो, माप, पराचा कणभर तुकडा आणि मासा परत पाण्यात. जाळंवाल्याला त्याची किंमत देऊन. आपल्याकडचा अहीरही समुद्रात जन्मतो आणि नदीत वाढतो, आणि वाटेत आता एकामागून एक बांध आहेत. मराठवाड्यात त्याची फोटोसह, जागेसह मिळालेली एकेक नोंद मोलाची.

परवानग्या थोडक्यात. जायकवाडी पक्षी अभयारण्यात किंवा वनजमिनीवर वनविभागाची लेखी परवानगी हवीच. जैवविविधता कायदा २००२ खाली राज्य जैवविविधता मंडळाशी काय पत्रव्यवहार करायचा, ते मार्गदर्शकांकडून आधीच पक्कं करून घ्या. नमुने परदेशी पाठवायचे झाले, की परवानगी वेगळी आणि कडक. शेवटी नमुने कॉलेजच्या कपाटात ठेवू नका. शिक्षक बदलतात, कपाटं रिकामी होतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पुण्याला पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथं नमुने द्या आणि त्यांचा नोंदणी क्रमांक तुमच्या प्रबंधात छापा. त्या क्रमांकामुळे जपानमधला माणूसही तुमचा मासा मागून पाहू शकतो.

राहिला किमतीचा प्रश्न. जगात माशांच्या ३६ हजारांहून जास्त जाती नोंदल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास गोड्या पाण्यात राहतात. नद्या-तळ्यांचं पाणी पृथ्वीवरच्या एकूण पाण्याच्या एका टक्क्याहूनही फार कमी. म्हणजे एवढ्याशा पाण्यात एवढं वैविध्य कोंबलेलं आहे आणि ते सर्वांत आधी आटणारं, अडवलं जाणारं, उपसलं जाणारं पाणी आहे. तुम्हाला नवी जात सापडेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण अमुक डोहात अमुक वर्षी अकरा जाती होत्या आणि बंधाऱ्यानंतर सहा राहिल्या, हे पुराव्यासह सांगणारं माणूस त्या पट्ट्यावर दुसरं कुणी नाही. न मिळालेला मासाही लिहा. "फेकजाळं वीस वेळा टाकलं, मल्या नाही" ही पूर्ण नोंद आहे.

सुरुवात अशी करा. घरापासून एसटीनं किंवा दुचाकीनं तासाभरात पोचता येईल असा एकच डोह निवडा. बारा महिने, दर महिन्याला एकदा, त्याच जागी, त्याच आसाच्या जाळ्यानं. पहिली फेरी मे महिन्यात, पाणी सगळ्यात कमी असताना. त्या दिवशी मासे धरू नका. काठावर बसा, डोहाची खोली काठीनं मोजा, नकाशा काढा आणि ज्या भोयाचं जाळं तिथं वाळत असेल त्यांना विचारा, की त्यांच्या वडिलांच्या वेळी इथं कोणते मासे होते. ते जी नावं सांगतील ती त्यांच्या उच्चारातच लिहून घ्या. वहीचं पहिलं पान तेच असू द्या.